तीन फावडी माती

१

त्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या आमच्या खोपीचं दार दक्षिणेला होतं की पूर्वेला, हे मला आज खात्रीनं सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात मी दोनदा कागदावर आराखडा काढून पाहिला आणि दोन्ही वेळा दार वेगळ्या भिंतीत पडलं. हा प्रश्न क्षुल्लक नाही. दार पूर्वेला असेल तर त्या भिंतीवर दुपारचं ऊन येत नाही; आणि ऊन येत नसेल तर मी जे पाहिलं असं मला वाटतं, त्यातला निम्मा भाग आपोआप गळून पडतो.

विचारायला आता कोणी नाही. खोप बर्फाच्या भारानं कधीच बसली. बहीण आस्लॉग मागच्याच्या मागच्या वर्षी गेली. मी नॉर्वेच्या राजधानीत, क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. साक्षीदार एकच असेल, तोही म्हातारा आणि घाबरट, तर त्याच्या साक्षीला किती किंमत द्यायची, हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगत आलो. ते सगळं मला स्वतःला लागू पडतं.

तरी लिहितो आहे. कारण माझी धाकटी बहीण, जी आता नातवंडांची आजी आहे, तिनं परवा सहज विचारलं, “सोन्द्रे, आई कशी होती रे? तू तरी सांग. मी तर तिला पाहिलंच नाही.”

मी चष्मा शोधण्याचं निमित्त करून उठलो.

२

आईचं नाव बिर्गित. हाउगनच्या शेतावर ती लग्न होऊन आली तेव्हा घराला एकच खिडकी होती. दुसरी तिनं भांडून पाडून घेतली. तिला आठ मुलं झाली. पाच तिनं मातीत ठेवली. उरलो मी, आस्लॉग आणि ही शेवटची.

शहरातली माणसं अशा बायकांबद्दल हळहळतात. माझ्या आईत हळहळण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यांना जेवण आवडतं तसं तिला काम आवडायचं. गोठा, चूल, लोकर, बार्ली, बटाटे. वसंतात एकदा भाकऱ्या भाजायला घेतल्या की अर्ध्या वर्षाची चवड रचूनच ती भट्टी विझवायची, आणि तेही उभ्यानं. चालताना विणायची. चर्चला जातानाही विणायची. कुंपणाच्या दगडावर सुया ठेवून आत जायची आणि प्रार्थना संपली की त्याच टाक्यापासून पुढं. बाबांना चिडवायला तिला फार आवडे. “अहो, तुमची दाढी आणि आपल्या बोकडाची दाढी, अंधारात हाताला फरक कळत नाही मला.” बाबा म्हणायचे, “बोकड निदान गप्प बसतो.” आणि मग दोघंही हसत.

ती खाली बसायची ती दोनच कामांना: धार काढायला आणि मुलाला पाजायला. एरवी ‘बस की जरा’ म्हटलं की “मेल्यावर बसेन” म्हणून निघून जायची.

बटाटे लावून झाले आणि तिला कळा सुरू झाल्या. मूल नीट झालं. ताप नंतर चढला. मी शिकायला होतो त्या शहरातून पोचलो तेव्हा ती मला ओळखत होती, पण माझ्याशी बोलायला तिला सवड नव्हती. “दाग्रोसची डावी सडं आधी कोमट पाण्यानं शेक, मग धार काढ,” असं तिनं आस्लॉगला सांगितलं. थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाली, “भुकेली आहे ती.” तेवढंच. गाय की मूल, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. पाळण्यात मूल रडत होतं.

आमच्या खोऱ्यात तेव्हा पाद्री राहत नसे. तळ्यापलीकडून तो वर्षातून मोजक्या वेळा यायचा. मेलेलं माणूस तेवढं थांबू शकत नाही, म्हणून पुरायचं आपलं आपणच. चर्चचा सेवक एन्द्रे स्तोत्र म्हणायचा, चार जण पेटी उतरवायचे. पुढं पाद्री आला की तो त्या थडग्यापाशी उभा राहून नाव घेई आणि तीन फावडी माती टाकी: मातीतून आलीस, माती होशील, मातीतून पुन्हा उठशील. तोवर माणूस पुरलेलं असलं तरी पोचलेलं नसतं, असं आमच्याकडे मानत. मानत म्हणजे, त्याबद्दल बोलत नसत.

३

मूल जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. खोऱ्यात अंगावर पाजणारी बाई एकच होती आणि तिला स्वतःची जुळी होती. गाईच्या दुधावर वाढवायला घेतलेली त्याआधीची तिन्ही तान्ही कापणीच्या आत गेली होती. एन्द्रेची बायको पाळण्यात डोकावून बाबांना म्हणाली, “हाल्वोर, पेटीच्या उरलेल्या फळ्या जाळू नका हं. लहानशी लागेल.” ती मनानं वाईट नव्हती. तिला खरं बोलायची सवय होती.

बाबांनी फळ्या दुसऱ्या दिवशी चुलीत घातल्या.

जूनमध्ये गुरं वर सेटरवर जातात. सेटर म्हणजे डोंगरावरचं आमचं उन्हाळी कुरण. दूध वर, तर मूलही वर, असं बाबांनी ठरवलं. आस्लॉगनं बाळाला आईच्या शालीत पाठीशी बांधलं. मुलीचं नाव बिर्गितच ठेवलं होतं; आई जाते तेव्हा आमच्याकडे तसंच ठेवतात. सोबत दूध पाजायचं शिंग घेतलं, टोकाला मऊ कातड्याची बोंडी बसवलेलं. आणि खुंटीवरून आईचा एप्रन काढून घेतला.

तो घ्यावाच लागतो. गाय हात ओळखते आणि वास ओळखते. नवी बाई धारेला बसली की पान्हा चोरते. म्हणून नवीनं जुनीचा एप्रन, न धुतलेला, कमरेला बांधायचा आणि जुनीच्याच सुरात गाईंना साद घालायची. गाईंना नवीची सवय झाली की एप्रन सोडायचा. आईचा एप्रन गडद निळा होता, तांबड्या पट्ट्यांचा. असा दुसरा खोऱ्यात नव्हता.

“घट्ट होतोय गं,” मी म्हणालो.

“आईला झाला नाही कधी,” आस्लॉग म्हणाली. “आणि तुला बायकांच्या कमरेचं काय कळतं, पुस्तकातल्या किड्या?”

ती एकोणीस वर्षांची होती, मी तिच्याहून थोडा मोठा. ती हसली, पण बंदांची गाठ तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधली.

४

मी बाबांबरोबर खाली गवतकापणीला राहिलो. आठवड्यातून एकदा घोड्यावर पीठ-मीठ लादून वर जायचं आणि लोणी, चीज घेऊन खाली यायचं, हे माझं काम. खिंडीच्या माथ्यावर आलं की खाली कुरण, ओढा आणि खोप दिसे, सगळं तळहाताएवढं.

पहिल्या खेपेला माथ्यावरून निळा एप्रन दिसला. गाईच्या पोटाला कपाळ टेकून ती धारेला बसली होती. मला बरं वाटलं. उतरून ओढा ओलांडला तोवर आस्लॉग करड्या स्कर्टमध्ये दारात उभी होती.

“आलास का पंडिता? घोड्याला वाट पाठ आहे म्हणून पोचलास.”

“बाळ कसंय?”

“बघ की. तुझ्यापेक्षा अंगानं भरलीय.”

मी उचलून घेतलं. मी दगड उचलण्याच्या तयारीत होतो की पीस, हे आठवत नाही. पण हाताला जड लागली एवढं आठवतं. हनुवटीखाली वळी पडली होती. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब सुकलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पोट भरलेलं मूल पाहतं तसं, म्हणजे जवळजवळ न पाहता.

शिंग चुलीशेजारी टांगलेलं होतं. मी सहज टोक चाचपलं. कातड्याची बोंडी वाळून कडक झाली होती, कडेला भेगा पडल्या होत्या.

“ही पिते कशातून?”

“पिते.”

“मी विचारलं, कशातून.”

“शाळेत मास्तरांनाही असंच विचारायचास? मग त्यांनी तुला बाहेर कसं नाही काढलं?” तिनं माझ्यासमोर आंबट सायीची लापशी ठेवली, वर लोण्याचा गोळा. “खा. गार झाली की दगड होते.”

चमच्यानं पाजत असेल, असं मी ठरवून टाकलं. चमचा हे चांगलं उत्तर होतं. परतताना अर्ध्या वाटेत मी ते उत्तर तीनदा तरी तपासलं.

५

जुलैत एका खेपेला पावसानं मला वर अडकवलं. दुपार होती. खोपीला दोन खोल्या: पुढं चुलीची, जिथं लवचीक दांड्याला पाळणा टांगलेला, आणि मागं दुधाची, थंड, लाकडी ताटांची. मी मागं बसून साय काढत होतो. आस्लॉग बाहेर पावसातच कुंपणाची फळी ठोकत होती. हातोड्याचा आवाज येत होता.

पुढच्या खोलीत पाळण्याचा दांडा कुरकुरायला लागला. थांबला. पुन्हा कुरकुरला. आणि त्यासोबत गुणगुणणं, तोंड मिटून केलेलं, तीन सूर वर जाऊन एकदम तुटणारं, जणू पुढचं गुणगुणणाऱ्याला येत नाही. आईला पुढचं कधीच आलं नाही.

बाहेर हातोडा चालूच होता.

मी ताट खाली ठेवलं. पाळणा वाऱ्यानं हलतो. कढईतलं पाणी तापायला लागलं की असंच गुणगुणतं, हे कुणालाही ठाऊक आहे. मी उठलो नाही. भीतीनं नव्हे, निदान फक्त भीतीनं नव्हे. एखाद्या बाईच्या खोलीत न खोकलता शिरू नये, तसं काहीतरी वाटलं. थोड्या वेळानं दोन्ही आवाज थांबले तेव्हा मी पुढं गेलो. बाळ झोपलेलं होतं. एप्रन खुंटीवर होता. धार काढताना एप्रन मांडीपाशी भिजतो. हा छातीपाशी भिजलेला होता.

“सांडलं असेल,” आत येऊन आस्लॉग केस पिळत म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ती कसनुशी झाली असंही नाही. त्या उन्हाळ्यात ती इतकी स्वस्थ दिसायची की मला तिचा हेवा वाटे.

दुपारी चुलीत विस्तव नव्हता, हे मला परतताना वाटेत आठवलं.

६

आता ते दुपारचं ऊन.

ऑगस्ट. गवत कापून झालं होतं. मी माथ्यावरून उतरलो तेव्हा ती दाराच्या भिंतीला लागून असलेल्या लांब दगडावर उन्हात बसली होती, माझ्याकडे पाठ करून, जरा तिरकी. निळा एप्रन, पाठीवर बंदांची गाठ, डोक्याला रुमाल. कोपराखालून बाळाचा एक पाय बाहेर आलेला. तो पाय हवेत संथ लाथा मारत होता, दूध पिणारं मूल मारतं तसा.

मला आस्लॉगच वाटली. दुसरं कोण वाटणार? मी घोडा बांधला आणि पाठीमागं लाकडं फोडायच्या ओंडक्यावर टेकलो. तोंड पलीकडे करून बसलो, कारण ती पाजत होती. आणि आस्लॉगनं पाजण्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आजही मला याचंच सर्वांत नवल वाटतं. दृश्य इतकं ओळखीचं होतं की त्यात चूक शोधायला बुद्धी जागीच झाली नाही.

मी बोलत सुटलो. सप्टेंबर अखेरीस मला शहरात परतायचं होतं आणि मला ते नको होतं. म्हणालो, बाबा थकलेत, तू एकटी, बाळाचं काही खरं नाही. मी तिथं पुस्तकं वाचत बसायचं आणि इथं काही झालं तर पत्रानं कळायचं. आणि मला काही येतं असंही नाही, सगळ्यांना वाटतं येतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “जा की. इथं आहे मी.”

आवाज जरा बसलेला होता. आस्लॉगला पडसं झालं असावं, असं वाटलं. पण ते शब्द कानावर पडले आणि माझ्या खांद्यांवरचं ओझं खाली आलं. लहानपणी ताप उतरताना यायची तशी झोप आली. मी बहुधा डोळे मिटले. किती वेळ, सांगता येत नाही. झोप लागली असेल तर हा सगळा परिच्छेद बाद समजावा.

“कुणाशी बोलत होतास रे?”

ओढ्याच्या बाजूनं आस्लॉग येत होती. खांद्यावर कावड, दोन्ही बादल्या भरलेल्या, अंगात करडा स्कर्ट. डोकं उघडं.

मी वळलो. दगडावर मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेलं बाळ झोपलं होतं, ओठांवर दुधाचा बुडबुडा. शेजारी कुणी नव्हतं. मी दगडाला हात लावला. बाळाच्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं, तिथं तो गरम होता. उन्हानं तापला होता असं म्हणता येईल. म्हणूनच दार कुठं होतं हे मला इतकं छळतं.

तिचं तोंड मी पाहिलं नाही.

आस्लॉगनं कावड उतरवली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. “तुला आत्ता कळतंय? एवढं शिकून?”

“काय कळतंय? आस्लॉग, काय चाललंय इथं?”

“मी विचारत नाही. तूही विचारू नकोस. ती बसते बघ आता, सोन्द्रे. कधी बसलेली पाहिलीस अशी? घाई न करता?” तिनं बाळाच्या तोंडावरचा बुडबुडा बोटानं टिपला. “घाबरायला झालं होतं मला. पहिल्या आठवड्यात मी दाराला आडणा घालून बसले होते. आणि ही भुकेनं काळीनिळी पडली होती, शिंगाला तोंड लावेना. मग मीच उठून आडणा काढला.”

७

सप्टेंबरात बाबा स्वतः वर आले. सुरवातीची थंडी पडली होती, बर्चची पानं पिवळी झाली होती. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, दाढी ओढू दिली, आणि सांगितलं, “रविवारी पाद्री येतोय. यंदा तिघं मातीची वाट बघतायत. तुम्ही दोघं खाली या. आईवर माती पडायचीय.”

आस्लॉग ताक घुसळत होती. तिचा हात थांबला. “यंदा नको.”

“काय नको?”

“माती. वसंतात टाकू. हिला दात येऊ देत, लापशी खाऊ दे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. मग आस्लॉगनं त्यांना सांगितलं. काही सजवलं नाही, काही लपवलं नाही. गाय कुठं बसली आणि किती दूध दिलं हे सांगावं तसं सांगितलं.

बाळ त्यांची दाढी ओढतच होतं.

“सोन्द्रे, तू शिकलेला. हे खरं?”

“मला ठाऊक नाही, बाबा.” हे उत्तर मी पुढं आयुष्यभर पगार घेऊन देत आलो, पण इतकं खरं पुन्हा कधी दिलं नाही.

“खोटं असेल तर माती टाकायला हरकत काय?” बाबा म्हणाले. “आणि खरं असेल,” त्यांचा आवाज एकदम चढला, “खरं असेल तर लाज वाटत नाही तुम्हाला? जन्मभर राबली ती. पाठ टेकली की उठायची. आता मेली तरी तिला कामाला लावताय? पाहुण्याला दारात उभं करून ठेवावं तशी उन्हाळाभर ठेवलीय तिला. कुणी आत घेईना, अंथरूण दाखवीना. मी तिचा नवरा आहे. तिला विसावा मिळायला हवा की नको?”

“हवा,” आस्लॉग म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. “पण ही मरेल, बाबा. एन्द्रेची बायको म्हणाली तशीच मरेल. मी आठवडाभर पाहिलंय ते. तुम्ही पाहिलं नाही.”

बाबा उठले. बाळाला पाळण्यात ठेवलं. बाहेर जाऊन गाईंमधून फिरले, एकेकीच्या पाठीवर हात फिरवला. निघताना दारातून म्हणाले, “जनावरांपाशी कुणीतरी लागेलच. तुम्ही दोघं इथंच राहा. मी एकटा जाईन.” खुंटीवरच्या एप्रनकडे त्यांनी पाहिलं नाही, असं मला वाटलं.

८

रविवार स्वच्छ उजाडला. वर चर्चची घंटा ऐकू येत नाही, त्यामुळं खाली काय चाललं असेल ते सूर्यावरून ताडायचं. मी लाकडं फोडत होतो. हिवाळ्यात तिथं कोणी राहत नाही, तरी फोडत होतो. आस्लॉग उंबऱ्यावर बसली होती, रिकाम्या हातांनी. आईच्या मुलीचे रिकामे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“आता स्तोत्र चालू असेल,” ती म्हणाली. जरा वेळानं, “आता बाहेर आले असतील.”

आत बाळ उठलं. आधी कुरकुर, मग रडणं. आस्लॉग आत गेली. शिंगाला तिनं नवी बोंडी बांधून ठेवली होती, दूध कोमट केलं होतं. मी दारातून पाहिलं: बाळानं तोंड फिरवलं, दूध हनुवटीवरून मानेत गेलं. पुन्हा दिलं. पुन्हा ओघळलं. चमच्यानं दिलं, ते ठसका लागून बाहेर आलं. रडणं चढत गेलं आणि मग त्यात एक कोरडा, घशातला आवाज यायला लागला. आस्लॉगचा चेहरा पांढरा पडला. ती मला म्हणाली, “हाच तो आवाज. पहिला आठवडाभर असंच होतं.”

“पडली असेल का माती?”

“पडली असेल.”

तिनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि बाहेर आली. का आली, हे मी तिला नंतरही विचारलं नाही. माझ्या शेजारी, ओंडक्यापाशी, खोपीकडे पाठ करून उभी राहिली. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की नखं रुतली. समोर पिवळी बर्चची झाडं, ऊन, गाई रवंथ करत बसलेल्या. पाठीमागं ते रडणं.

दाग्रोसनं मान वर केली आणि आमच्या मागं पाहिलं. मग एकेक करून बाकीच्यांनी. गाई घाबरतात तेव्हा उठतात. या उठल्या नाहीत. धारेची वेळ झाल्यासारख्या नुसत्या बघत राहिल्या.

रडणं तुटलं.

क्षणभर वाटलं, संपलं. मग ऐकू आलं: आधी हुंदका, नाकानं घेतलेला श्वास, आणि मग घुटके. लहान, घाईघाईचे, एकामागोमाग एक. नंतर सावकाश. पाळण्याचा दांडा कुरकुरत नव्हता. कुणीतरी बाळाला मांडीवर घेतलं होतं.

आम्ही वळलो नाही. माझ्या हातातली आस्लॉगची पकड हळूहळू सैल झाली, आणि मी तिच्याकडे पाहिलं तर ती डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून उभी होती, पोट भरल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बाबा वर आले.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” ते म्हणाले. बाळाला घेतलं, वजन करावं तसं हातांवर तोललं, आणि म्हणाले, “अरे वा. बोकडापेक्षा जड आहे ही.” आईच्या मृत्यूनंतर त्यांना थट्टा करताना मी प्रथमच ऐकलं.

९

या ‘झालं’वर मी आयुष्य काढलं. माझा युक्तिवाद साधा होता. माती पडल्यावर जे थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. म्हणजे मातीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे थांबण्यासारखं मुळात काही नव्हतंच: एक दणकट मूल, गाईचं दूध, एप्रन बांधून फिरणारी बहीण, आणि शोकानं हळवा झालेला एक विद्यार्थी. हा युक्तिवाद मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवला की त्याच्या बळावर मी शहरात परतलो, परीक्षा दिल्या, लग्न केलं, अंधारात न घाबरता झोपायला शिकलो. धाकटी बिर्गित त्या हिवाळ्यात गुटगुटीत झाली. वसंतात लापशी खायला लागली आणि अंगणात गाईंच्या पायांतून रांगत फिरली. पुढं ती हाउगनवरच राहिली, नवरा घरात आणला, सहा मुलं वाढवली. सहाही जगली. तिच्यासारखी तृप्त बाई मी पाहिली नाही. तिला आईची माया कुणी केली म्हणून विचारलं तर ती म्हणते, “कुणी नाही बाई, मी तर गाईच्या दुधावर वाढले.”

बाबा खूप म्हातारे होऊन गेले. त्यांना पुरून आल्यावरच्या जेवणाला चर्चचा सेवक एन्द्रे माझ्या शेजारी बसला होता, तोही वाकलेला, पेल्यावर पेला रिचवत. म्हणाला, “तुझा बाप हट्टी हो. त्या रविवारी पाद्र्याच्या हातातलं फावडं धरलं होतं त्यानं. दोघांवर माती टाकू दिली. तिसरीवर नाही.”

मी म्हणालो, “एन्द्रे, तुम्हाला चढलीय.”

“चढलीच आहे,” तो म्हणाला. “म्हणून बोलतोय.”

दारू प्यालेला म्हातारा, एकच साक्षीदार. मी ते बाजूला ठेवलं. बरीच वर्षं ठेवलं. मग एकदा कळलं की त्या काळचे पाद्री निवृत्त होऊन क्रिस्तियानियातच, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर मुलीकडे राहतात. त्यांच्याकडे जायला मी एक अख्खा हिवाळा घेतला.

ते खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. नाव सांगताच त्यांना आठवलं. अशी गोष्ट त्यांच्या सबंध नोकरीत दुसऱ्यांदा घडली नव्हती.

“तुमच्या वडिलांनी माझ्या मनगटावर हात ठेवला,” ते म्हणाले. “फावडं भरलेलं होतं. मला म्हणाले, ‘हिची राहू द्या. हिचं मूल अजून पितंय.’ शोकानं माणसाचं असं होतं. मी म्हटलं, बरं, पुढच्या खेपेला टाकू. पण त्याच हिवाळ्यात माझी बदली झाली.”

“तुमच्या नंतरच्यांना सांगितलंत?”

“राहून गेलं.”

त्यांच्या नंतर आलेले दोघंही तेव्हा हयात होते. मी दोघांनाही गाठलं. हाउगनच्या बिर्गितवर माती टाकायला त्यांना कधीच कुणी बोलावलं नव्हतं.